जुनी जीप आणि भंगारात गेलेला माल

मंडळी, नमस्कार. जुनी जीप कशी उभी करावी यावर बोलायला कोणीही तयार असतो. उभी केल्यावर लोक कशाबद्दल हळहळतात यावर बोला, असं मला पहिल्यांदाच कोणी सांगितलं. पण त्याचा माझ्याकडे भरपूर साठा आहे. आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकलचा ट्रेड शिकवत होतो तेव्हापासून लोक गाड्या दाखवायला आणतात. निवृत्तीनंतर तर काम पूर्ण झालेल्या गाड्यांचे मालकच जास्त येतात. गाडी चकचकीत असते आणि मालकाचा चेहरा पडलेला.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. पैसे जास्त गेले म्हणून कायमचा हळहळणारा माणूस मला फारसा भेटला नाही. घरी आकडा लपवतात, मिस्त्रीशी भांडतात, पण पुढे विसरतात. विसरत नाहीत ते भंगारवाल्याला किलोच्या भावानं दिलेलं सामान. मूळ इंजिन, मूळ टब (म्हणजे जीपची पत्र्याची बॉडी), नंबर कोरलेला गिअरबॉक्स, डॅशबोर्डवरची पितळी पाटी. आज मी बोलणार आहे ते मुख्यतः त्याबद्दल.

आपल्या नागपूरच्या आसपास या गाड्या एवढ्या का सापडतात? एक तर कामठीची छावणी. दुसरं, उत्तरेला जबलपूर. तिथल्या व्हेईकल फॅक्टरीत 1969 पासून 1999 पर्यंत जोंगा ही लष्करी गाडी बनत होती. मूळची निसान कंपनीची ‘पेट्रोल’ (Patrol), सहा सिलिंडरचं 3956 सीसीचं पेट्रोल इंजिन. (गाडीचं नाव पेट्रोल आणि खुराकही पेट्रोल, तोही असा की पंपावरचा पोरगा ओळख ठेवतो.) लष्करानं काढलेल्या जोंगा लिलावातून बाहेर आल्या आणि बऱ्याच इकडे उतरल्या. तिसरं म्हणजे आपले मालगुजार, जुने जमीनदार. भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीच्या बाजूला वाड्यात जीप असायचीच, शेतीसाठी म्हणा की शिकारीसाठी. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, शिकार बंद झाली आणि त्यातल्या कित्येक जीपा गोठ्याच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. त्या अजून निघतात. वर कडबा, आत कोंबड्या.

यातल्या सगळ्यात जुन्या म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या अमेरिकन जीपा, विलीज एमबी आणि त्यांची जुळी बहीण फोर्ड जीपीडब्ल्यू. 1941 ते 1945 या काळात दोन्ही मिळून सहा लाखांवर बनल्या, युद्धानंतर डिस्पोजलमधून, म्हणजे लष्कराच्या नको असलेल्या मालाच्या विक्रीतून, आपल्याकडे विकल्या गेल्या. 1947 मध्ये महिंद्रानं मुंबईत विलीजच्या सुट्या भागांतून जीप जोडायला सुरुवात केली. मग उंच बोनेटची सीजे-3बी आली, जिला आपण सगळे नुसतं ‘महिंद्रा जीप’ म्हणतो. बोनेट उंच का, तर इंजिन बदललं. एमबीच्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह बाजूला, ब्लॉकमध्ये. सीजे-3बीच्या हरिकेन इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेला, उंची वाढली, म्हणून बोनेटही वाढलं. दोन्ही इंजिनं 2199 सीसीचीच.

आता इंजिनाच्या दुखण्याकडे येतो, कारण सगळ्यात मोठी हळहळ तिथेच आहे.

सीजे-3बी घेतली की महिन्याभरात सल्ला मिळतो, “भाऊ, पेट्रोल कायले जाळता, डिझेल टाका.” सल्ला वाईट मनानं दिलेला नसतो. एकेकाळी शेतकऱ्यानं, ठेकेदारानं असंच केलं आणि त्यांचं बरोबर होतं. त्यांना गाडीतून काम काढायचं होतं. पण तुम्ही जुनी गाडी जुनी म्हणून उभी करता आहात ना? मग हा हिशोब पाहा. सीजे-3बीला मागे-पुढे 5.38 चा क्राउन-पिनियन आहे, म्हणजे एक्सलमधली दातेरी जोडी: टॉप गिअरला चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे 5.38 फेरे. सोळा इंची रिमवर 6.00 चा टायर एका फेऱ्यात साधारण सव्वादोन मीटर जातो. ताशी 80 किलोमीटरला चाक मिनिटाला 590 च्या आसपास फेरे घेतं, म्हणजे टॉप गिअरला इंजिन जवळजवळ 3200 वर. मूळ पेट्रोल इंजिनाची पूर्ण ताकद 4000 ला येते, ते हे सोसतं. संथ प्रकृतीचं जुनं डिझेल इंजिन तिथे किंचाळायला लागतं. मग मालक क्राउन-पिनियन बदलतो. मग स्पीडोमीटर खोटं बोलतो. डिझेल इंजिन जड, म्हणून पुढचे पाटे बसतात, म्हणून पाटे बदलतात. टॉर्क जास्त, म्हणून गिअरबॉक्स ओरडतो, तोही बदलतात. इंजिन माउंटिंगसाठी चासीवर वेल्डिंग होतं. आणि एवढं सगळं झाल्यावर ब्रेक मात्र तेच राहतात, छोटे ड्रम, एकच सर्किट. एक पाइप फुटला की चारही चाकं मोकळी.

वर्धा रोडला उतारावर अशी गाडी चालवलेला एक गृहस्थ माझ्याकडे आला होता. इंजिन छान, गाडी पळते, पण थांबत नाही. मी विचारलं, मूळ इंजिन कुठे आहे? म्हणाला, मिस्त्रीनंच घेतलं, हजार-दीड हजार कमी केले बिलातून. पुढे या गृहस्थालाच ते इंजिन परत पाहिजे होतं. का, तर कायदा.

हा भाग नीट ऐका. केंद्र सरकारनं 2021 मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं ओलांडलेली दुचाकी-चारचाकी त्यात बसते. नवीन नोंदणीची फी 20,000 रुपये, ती दहा वर्षं चालते, पुनर्नोंदणीला 5,000. नंबर प्लेटवर ‘व्हीए’ येतं. गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं, अशा कामांसाठीच. पण मुख्य अट वेगळीच आहे. गाडी मूळ रूपात पाहिजे. चासी, बॉडी शेल किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. म्हणजे डिझेल टाकलं त्या दिवशी तुम्ही हा दरवाजा स्वतःच्या हातानं लावून घेतला. नेहमीच्या नोंदणीवर ठेवायची म्हटलं तरी मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच, कंपनीनं दिलेल्या रूपापेक्षा वेगळं केलं तर चालत नाही. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठासून सांगितलं. लोकांना हे आरटीओच्या खिडकीवर कळतं, तोवर मूळ इंजिन वितळून त्याचे पाइप झालेले असतात.

आणि रंग! ऑलिव्ह ग्रीन मारायचा मोह कोणाला नाही? केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 121 वा नियम सांगतो की संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कोणत्याही मोटारीला ऑलिव्ह ग्रीन रंग लावायचा नाही. महागडा रंग मारून परत खरवडणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांचं मला फार वाईट वाटत नाही, रंग परत मारता येतो.

टब मात्र परत येत नाही. आपली काळी माती चासीच्या बंद भागात, टबच्या खालच्या पट्ट्यांत जाऊन बसते आणि पाणी धरून ठेवते. युद्धातल्या विलीजच्या टबखाली टोपीच्या आकाराच्या आडव्या पट्ट्या आहेत, त्यांच्या आत लाकूड घातलेलं असे. ते लाकूड भिजतं, वाळत नाही, आणि पत्रा आतून खातं. वरून ठोकून पाहिलं तर ठणठणीत, खालून स्क्रूड्रायव्हर टोचला की आरपार. अशा वेळी डेंटर म्हणतो, साहेब, नवीन टब बनवून देतो, सस्त्यात. बनवतोही. पण त्याचा पत्रा जाड असतो, कोपऱ्यांचे गोलवे चुकतात, बोनेट आणि काउलची (काचेखालच्या पत्र्याची) रेघ जुळत नाही, आणि मग ती दरी पुट्टीनं भरतात. पुट्टी दोन उन्हाळ्यांत फुगते. नवतपा आहे आपल्याकडे, पत्र्यावर हात ठेवता येत नाही, पुट्टी काय टिकणार?

जुना टब सत्तर टक्के खाल्लेला असला तरी ठेवा. जिथे खाल्ला तेवढाच भाग कापून तुकडा लावता येतो. वेळ जास्त लागतो, डेंटर कुरकुरतो. त्यानं कुरकुरावं, त्याचे पैसे द्यावेत. आणि सँडब्लास्टिंग, म्हणजे वाळूच्या माऱ्यानं गंज काढणं, चासीला करा, एक्सलच्या हाउसिंगला करा. बोनेटसारख्या सपाट पत्र्यावर जोरात मारलं तर पत्रा ताणला जाऊन लाटा येतात, त्या कोणी सरळ करू शकत नाही. ब्लास्टिंग झालं की त्याच दिवशी प्रायमर. हिंगण्याला एमआयडीसीत काम करून आणलं आणि श्रावणात दोन दिवस तसंच ठेवलं, तर पिवळा गंज पसरतो आणि पुन्हा पहिल्यापासून.

सुटं करताना काय होतं, ते मी नेहमी पोरांना दाखवायचो. मिस्त्री सगळे नटबोल्ट एका तेलाच्या डब्यात टाकतो, वर डिझेल ओततो. हे काम सोपं जातं, कारण त्याला बसवताना बाजारातला बोल्ट घ्यायचाच असतो. पण फोर्डनं बनवलेल्या जीपीडब्ल्यूच्या भागांवर, बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धा, ‘एफ’ कोरलेला असतो. त्या एका अक्षरामुळे गाडी ओळखता येते. तो डबा हलवून कोणीतरी कबाड्याला देतो, आणि पुढे मालक तेच बोल्ट दिल्लीच्या मायापुरीत, मुंबईत, कुठे कुठे शोधत फिरतो. प्रत्येक भागाची वेगळी पिशवी करा. बोल्ट शक्यतो त्याच्याच भोकात परत लावून ठेवा, चिठ्ठीपेक्षा ते जास्त टिकतं. फोटो मोबाइलवर काढाच, पण वायरिंगचा आणि पाइपांचा नकाशा हातानंही काढा. फोटोत मागची बाजू दिसत नाही.

स्टिअरिंगची थरथर हा स्वतंत्र विषय आहे, त्यावर मी तासभर बोलू शकतो. आज बोलत नाही, आयोजक घड्याळाकडे बघून राहिले. एवढंच सांगतो. ताशी पन्नासला खड्डा लागला आणि पुढची चाकं नाचायला लागली की लोक टायर बदलतात, मग टायरॉड एंड, मग स्टिअरिंगचा डबा, मग चिडून पॉवर स्टिअरिंग बसवतात. किंगपिनचं, म्हणजे पुढचं चाक ज्या खुंटीवर वळतं तिचं, बेअरिंग कोणी उघडत नाही, कारण तिथे जायला हब, ब्रेक, सगळं सोडवावं लागतं. दोष बहुतेक वेळा तिथेच असतो, नाहीतर स्टिअरिंगच्या दांड्यांना जोडणाऱ्या मधल्या बेलक्रँकच्या झिजण्यात. शिम (पातळ चकत्या) घालून बेअरिंगला बरोबर ताण द्या आणि नकल, म्हणजे चाक वळवणारा सांधा, स्प्रिंगकाट्यानं ओढून पाहा. पन्नास-शंभर रुपयांच्या पत्र्याच्या चकत्यांचं काम आहे, पण त्यापायी मूळ स्टिअरिंग बॉक्स भंगारात गेलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

सहा व्होल्टचं बारा व्होल्ट करणं मला मान्य आहे, रात्री गाडी चालवायची असेल तर करा. मात्र डायनॅमो, कट-आउट, जुनी कॉइल डब्यात भरून ठेवा.

पेट्रोलचं हे नवीन दुखणं आहे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या पंपाचा डायफ्राम, जुने रबरी पाइप, कॉर्कची पॅकिंगं, यांना ते मानवत नाही. वर इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्या गाड्या तर महिनोन्‌महिने उभ्याच असतात, टाकीच्या तळाशी पाणी बसतं. त्यात मे महिन्यात पारा 45 च्या वर. पंप इंजिनाच्या अंगाला चिकटलेला, पेट्रोलची वाफ होते, सिग्नलवर गाडी बंद. मग लोक मूळ पंप काढून इलेक्ट्रिक पंप लावतात आणि मूळ पंप फेकतात. अहो, डायफ्राम इथेनॉल सोसणारा टाका, पाइप बदला, एक्झॉस्ट आणि पंप यांच्यामध्ये पत्र्याची एक ढाल लावा, आणि गाडी उभी ठेवायची असेल तेव्हा टाकी रिकामी करा. पंप तोच राहू द्या.

आता एका घाईबद्दल. आपल्याकडे जीप तयार व्हायची तारीख मिस्त्री ठरवत नाही, पंचांग ठरवतं. दसऱ्याला पूजेला पाहिजे, नाहीतर पोराच्या वरातीला पाहिजे. तारीख जवळ आली की रंग आधी होतो आणि ब्रेक नंतर. मग ब्रेकच्या कामाला गाडी परत उघडली की नवीन रंगावर पान्याचे ओरखडे. मालकाला दुःख ओरखड्यांचं होतं. मला भीती वाटते ती वरातीत ब्रेक न लागण्याची, पुढे बँडवाले असतात.

मगाशी एक चिठ्ठी आली आहे. “आजोबांची जीप कोंढाळीच्या शेतात उभी आहे. सुरुवात कुठून करू?” गॅरेजपासून करू नका. आधी आरसी बुक शोधा. नसेल तर डुप्लिकेटसाठी फॉर्म 26 भरावा लागतो आणि त्याला वेळ लागतो, तो आधी लावून द्या. मग चासी नंबर शोधा, तारेच्या ब्रशनं हळू साफ करा, कागद ठेवून पेन्सिलनं छाप घ्या. त्या जागेवर ग्राइंडर किंवा ब्लास्टिंग अजिबात नको. नंबर पुसला तर आरटीओ गाडी ओळखणार नाही, मग ती आजोबांची असो की पणजोबांची. इंजिनाला लगेच बॅटरी लावू नका. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, दोन-चार दिवस मुरू द्या आणि मग हँडलनं हातानं फिरवून पाहा. आणि ती उचलून आणायला जो ट्रकवाला येईल, त्याला सांगा की आजूबाजूला गवतात जे लोखंड पडलं असेल तेही सगळं भरायचं. चिठ्ठीत इंजिन पेट्रोल की डिझेल ते लिहिलेलं नाही. ज्यांनी दिली त्यांनी बाहेर चहाच्या टेबलाशी थांबा, फोटो असेल तर बघू.