चाचांचा डबा

हा पत्र्याचा डबा चाचांच्या आजोबांचा. झाकणावरचा रंग केव्हाच उडाला, बिजागरी तारेनं बांधलेली. आतलं सामान चाचा एकेक करून खाटेवर मांडतात. लाकडी मुठीचा वस्तरा. त्याला धार लावायचा चामड्याचा पट्टा. बांबूची चीप, मधोमध चिरलेली. आणि जुन्या सुती धोतराचा तुकडा, जाळून राख करण्यासाठी.

गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. चाचा इथले हजाम. आसपासच्या गावांतल्या कितीतरी मुलांची सुंता त्यांच्या हातून झाली. कुणी तिला खतना म्हणतं, कुणी मुसलमानी.

चाचांनी डाव्या अंगठ्याला रुमाल गुंडाळलाय. रुमालाचं टोक पुढं ओढायचं. ओढलेल्या टोकावर चीप सरकवायची, अंगठ्याला अगदी भिडवून. वस्तरा फिरतो तो चीपेच्या पुढून, मागचं सगळं चीप सांभाळते. हात एकदाच चालतो. त्याआधी मुलाला न्हाऊ घालून, गळ्यात हार घालून नवरदेवासारखं बसवलेलं असायचं. पाठीमागून धरणारा मामा म्हणायचा, ती बघ वर चिमणी! पोरानं मान वर केली की झालं. मग राख, वर पट्टी, आणि आठ-दहा दिवस लुंगी पुढून धरून चालणं.

"बापानं मले आधी केळीच्या सालीवर शिकवलं," चाचा सांगतात. "वस्तरा हातात देल्ला तो दोन वर्सांनी. तोवर नुसतं पाह्यत बस म्हणे."

हा पट्टा बघा. रोज घासून त्याचा मधला भाग आरशासारखा झालाय.

डबा आता उघडतो तो कुणी पाहायला मागितला तरच. एकाच वस्तऱ्यानं, नुसता पुसून, दुसऱ्या मुलाची सुंता केली तर रक्तातून हिपॅटायटिस बी जाऊ शकतो, एचआयव्हीसुद्धा. हे कळलं त्या वर्षी चाचांनी काम थांबवलं. मुलांना आता तालुक्याला डॉक्टरकडे नेतात. तिथं इंजेक्शन देऊन जागा बधिर करतात, विरघळणारे टाके घालतात.

चाचांना हे सांगितलं या ताईंनी. ग्रामीण रुग्णालयातल्या एचआयव्ही तपासणी केंद्रात त्या समुपदेशक आहेत. आज त्या चाचांच्या पुतण्याच्या सलूनमध्ये आल्यात. बाहेर कापसानं भरलेला टेम्पो उभा आहे. जिनिंगला जाणारी पोरं, ड्रायव्हर, दोन-चार शेतकरी बाकावर बसलेत. हिंदू, मुसलमान, बौद्ध, सगळेच. पुरुषांशी एचआयव्हीबद्दल बोलायला याहून चांगली जागा आम्हाला तरी कुठं दिसली नाही.

ताई विचारतात, "बोंडअळी निबर बोंडात शिरते का कोवळ्या?"

"कोवळ्या," दोघं-तिघं एकदम.

"मंग तसंच हे."

लिंगाच्या टोकावरची कातडी बाहेरून जाड असते. आतली बाजू मात्र ओठाच्या आतल्या कातडीसारखी ओलसर, पातळ. शरीराच्या पहारेकरी पेशी तिथं अगदी वरच्या थरात असतात. एचआयव्ही नेमका त्याच पेशींना चिकटतो. संबंधाच्या वेळी ही कातडी मागं सरकते आणि आतली बाजू उघडी पडते. सुंतेत ती निघून जाते. विषाणू धर्म पाहत नाही, त्याला लागते कोवळी जागा.

म्हणून सुंतेनं एचआयव्हीची लागण कमी होत असावी, असं डॉक्टरांना बरीच वर्षं वाटत होतं. खात्री झाली ती आफ्रिकेत. दक्षिण आफ्रिकेतलं ऑरेंज फार्म, केनियातलं किसुमू, युगांडातलं राकाई. तिन्ही ठिकाणी मिळून सुमारे ११ हजार पुरुष तयार झाले. कुणाची सुंता लगेच आणि कुणाची नंतर, हे चिठ्ठी टाकावी तसं ठरलं. सुंता झालेल्यांमध्ये एचआयव्हीची नवी लागण ५० ते ६० टक्क्यांनी कमी निघाली. फरक इतका ठळक होता की तिन्ही प्रयोग मुदतीआधी थांबवून उरलेल्यांनाही सुंता देऊ केली. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं, जिथं एचआयव्ही फार पसरलाय आणि सुंतेची चाल नाही अशा भागांसाठी, तिची शिफारस केली. राकाईत पुढं नागीण, म्हणजे जननेंद्रियावरची हर्पीस, २८ टक्क्यांनी आणि एचपीव्ही हा संबंधातून पसरणारा दुसरा विषाणू ३५ टक्क्यांनी कमी दिसला. गरमीत, म्हणजे सिफिलिसमध्ये, काही फरक पडला नाही.

आपल्या पुण्यातही गुप्तरोगाच्या दवाखान्यांत आलेल्या २,२०० हून जास्त पुरुषांची पाहणी झाली होती. ती २००४ मध्ये छापून आली. सुंता झालेल्यांत एचआयव्ही बराच कमी होता. नागिणीत मात्र इथं फरक दिसला नाही.

बाकावरचा एक पोरगा हसतो. "मंग आपल्याले निरोध कायले पाह्यजे, ताई? आपलं तं लहानपणीच झालं."

ताई हसत नाहीत. हे वाक्य त्यांनी गावोगाव ऐकलंय. मोबाईलवर साठ टक्क्यांचा आकडा येतो, उरलेले चाळीस येत नाहीत.

"शंभर क्विंटलातला साठ क्विंटल कापूस घरी आला अन् चाळीस पावसात गेला, तं त्याले वाचलं म्हनता का?"

दुसऱ्या बाकावरच्यांनाही त्या सोडत नाहीत. आपली सुंता झालेली नाही म्हणून उद्या कुणी दवाखान्यात रांग लावायची गरज नाही. भारतात एचआयव्हीचं प्रमाण मोठ्या माणसांमध्ये हजारी दोनच्या आसपास आहे, आफ्रिकेच्या त्या भागांसारखं नाही. साखरेच्या आजारात कातडी मागं सरकेनाशी झाली तर डॉक्टर हेच ऑपरेशन सुचवतात. ते करून घ्यावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण निरोध दोन्ही बाकांना. जखम भरायच्या आत, साधारण सहा आठवडे, संबंध नाहीत. आणि हे संरक्षण पुरुषाचं. राकाईतच दिसलं, की नवऱ्याला एचआयव्ही असेल तर त्याच्या सुंतेनं बायको वाचत नाही.

त्या बायका सलूनमध्ये नाहीत. त्या या वावरात आहेत, कंबरेला ओटी बांधून कापूस वेचताना. इथून पुढं गडचिरोलीत, वसा आणि अमिर्झा या दोन गावांत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी स्त्रियांची तपासणी केली होती. १९८९ साली ती ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा गुप्तरोग होते. त्याआधी कधी तपासून घेतलेल्या फक्त ८ टक्के. नवऱ्याकडून आलेला एचपीव्ही बाईच्या अंगात वर्षानुवर्षं राहिला, तर गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग होऊ शकतो. मुलींना आधीच देता येईल अशी लस आहे. ती आता पुण्यातही तयार होते.

पुतण्यानं नवं ब्लेड काढलं. कागदातच मोडून दोन तुकडे केले, अर्धं वस्तऱ्यात बसवलं. गिऱ्हाईक उठलं की ते या प्लास्टिकच्या बरणीत जातं. प्रत्येकाला नवं. चाचा कोपऱ्यातल्या खुर्चीवरून बरणीकडे बघत बसतात.

ताईंनी भिंतीवर कागद चिकटवला. १०९७, फुकट फोन. तपासणी फुकट, औषधं फुकट. २०१७ च्या कायद्यानं नाव गुप्त ठेवणं बंधनकारक आहे.

माणसं पांगली. मघाशी हसलेला पोरगा मात्र टेम्पोच्या आडोशाला थांबलाय. ताई पिशवी घेऊन बाहेर आल्या, तसा तो दोन पावलं पुढं आला. इथं आम्ही कॅमेरा रस्त्याकडे वळवला. आवाजही बंद केला.

हा रस्ता. ही सहाची एसटी. ताई हिच्यात बसल्या नाहीत.