कासवांच्या किनाऱ्यावर एक रात्र

श्रोतेहो, नमस्कार.

पोर्ट ऑफ स्पेन हे नाव आपल्याकडे घराघरांत पोहोचलं ते १९७१ च्या मार्चमध्ये. अजित वाडेकरांच्या संघानं तिथे वेस्ट इंडिजला कसोटीत पहिल्यांदा हरवलं. दिलीप सरदेसाईंचं शतक, आणि पदार्पणातच सुनील गावसकरांच्या ६५ आणि नाबाद ६७ धावा! आज त्याच शहरातून मी तुम्हाला समुद्राकडे नेणार आहे.

देश एक, बेटं दोन : त्रिनिदाद आणि टोबॅगो. पोर्ट ऑफ स्पेन ही त्याची राजधानी, त्रिनिदादवर. कॅलेंडरवर दिसतो तसा निळाशार समुद्र हवा असेल, तर तो त्रिनिदादला शोधू नका. व्हेनेझुएला इथून जेमतेम ११ किलोमीटरवर, आणि तिथली ओरिनोको नदी भरपूर गाळ समुद्रात आणून सोडते. निळाई आहे ती टोबॅगोत. विमानानं अर्धा तासही लागत नाही. पिजन पॉइंटहून काचेच्या तळाच्या होडीत बसायचं. पायाखाली बकू रीफचे प्रवाळ सरकत जातात आणि मग होडी थांबते ती भर समुद्रात, ‘नायलॉन पूल’पाशी. किनारा लांब राहिलेला, तरी उतरलं की पाणी कमरेइतकंच, तळाशी पांढरी मऊ वाळू. एक विनंती, प्रवाळावर पाय ठेवू नका. ते दगड नाहीत, जिवंत आहेत.

टोबॅगोच्या डोंगरकण्यावरचं जंगल १७७६ सालीच कायद्यानं राखीव झालं. झाडं गेली तर पाऊस जाईल, हे तेव्हाच्या लोकांनी ओळखलं होतं. मला हे फार मोठं वाटतं.

त्रिनिदादच्या पश्चिम किनाऱ्यावर वॉटर्लू गावी मात्र पोहायला नाही, हात जोडायला जा. ३० मे १८४५ ला ‘फतेल रझाक’ जहाजातून पहिले भारतीय मजूर या बेटावर उतरले, आणि पुढे हजारो येत राहिले. ऊसमळ्यावर राबणाऱ्या शिवदास साधूंनी साखर कंपनीच्या जागेवर देऊळ बांधलं. ते पाडलं गेलं, साधूंना तुरुंगात टाकलं. सुटून आल्यावर त्यांनी ठरवलं, जमीन तुमची, समुद्र तर कुणाचा नाही ना! सायकलवरून दगड-माती वाहत, ओहोटी साधून, या माणसानं वर्षानुवर्षं एकट्यानं समुद्रात भराव घातला आणि त्यावर देऊळ उभं केलं. आज तिथे नवी वास्तू आहे, किनाऱ्यावर बांबूला लावलेल्या रंगीत झेंड्या फडफडत असतात. मी गेलो तेव्हा ओहोटी होती. चिखलात बगळे उभे होते. बराच वेळ तिथून पाय निघेना.

उत्तर किनाऱ्यावर मराकस बे लागतं, पोर्ट ऑफ स्पेनकरांचं लाडकं. तिथे तळलेल्या पावात मासा, वर चिंचेची चटणी असं खायचं आणि पुढे ग्रांद रिव्हिएरला मुक्काम गाठायचा.

या छोट्याशा गावाच्या पुळणीवर मार्च ते ऑगस्ट लेदरबॅक कासवं अंडी घालायला येतात. आपल्या वेळासला येणारी ऑलिव्ह रिडले दोन हातांत उचलता येते. ही मादी माणसाएवढी लांब आणि वजनानं काही क्विंटल. पाठीवर टणक कवच नाही, चामड्यासारखी काळी त्वचा. परवाना काढून, गावच्या वाटाड्याबरोबरच जाता येतं. टॉर्च फक्त लाल उजेडाचा.

अंधारात आधी ऐकू आला तो तिचा श्वास, दमलेल्या बाईनं ओझं खाली ठेवताना सोडावा तसा. मागच्या वल्ह्यासारख्या पायांनी ती खड्डा खणत होती. एक पाय ओंजळीसारखा वळवून वाळू काढायची, बाजूला टाकायची, मग दुसरा. त्या पायांना डोळे आहेत असंच वाटावं. अंडी पडू लागली, ओली, पांढरी, टेनिसच्या चेंडूपेक्षा जरा लहान. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शरीरातलं जादा मीठ त्या वाटेनं बाहेर पडतं, हे मला ठाऊक होतं. तरी गलबलून आलं.

एकेकाळी इथे ही कासवं मांसासाठी कापली जायची. आज गावकरीच रात्रभर पहारा करतात. आमचा वाटाड्या तिच्या मागे वाळूवर गुडघे टेकून बसला होता, आणि खड्डा बुजेपर्यंत कुणाशी एक शब्द बोलला नाही.