फ्रीज नसलेल्या दोन रात्री

(साताऱ्यात भटकंती करणाऱ्या एका गटापुढे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. मला दिलेला विषय नेमका आहे, त्यामुळे बरं वाटलं. बामणोलीहून लाँचने पलीकडे जायचं, वीज नसलेल्या घरात उतरायचं, सहा माणसं, दोन रात्री, तर खायचं काय न्यायचं आणि ते कसं सांभाळायचं. समोर शिवसागराचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं पाणी, ज्याच्यावर कोयना प्रकल्पाची १९६० मेगावॅट वीज उभी आहे, आणि आपल्या हातात मेणबत्ती. असो. हा विषय आजचा नाही.

न्यायच्या सामानाची तुमची यादी मी पाहिली. जिन्नस चांगले आहेत. पण यादीत "काय न्यायचं" आहे, "कधी खायचं" नाही, आणि "किती शिजवायचं" तर कुठेच नाही. घरी आपण या दोन प्रश्नांचा विचारच करत नाही, कारण फ्रीज आहे. भात जास्त झाला, ठेवला. अर्धा दुधी उरला, ठेवला. वीज नाही म्हटल्यावर गार पाणी मिळणार नाही याची लोकांना काळजी. खरी अडचण वेगळीच आहे: उरलेलं ठेवायला जागा नाही. म्हणून माझं सगळं नियोजन एकाच गोष्टीभोवती फिरतं. प्रत्येक जेवण त्या जेवणातच संपलं पाहिजे.

थोडं शास्त्र सांगते, कंटाळू नका. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जिवाणू जोमाने वाढतात. सगळं जमून आलं तर वीस मिनिटांत दुप्पट. म्हणून शिजवलेलं अन्न दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नये, आणि उन्हाळ्यात पारा ३२च्या वर असेल तर एकच तास धरावा. यात सगळ्यात फसवा पदार्थ भात. तांदळावर एका जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवतानाही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात आणि विष तयार करतात. ते विष नंतर कितीही परतलंत तरी जात नाही. आता तुम्ही म्हणाल, आमच्या आजीने आयुष्यभर रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकला. टाकला, खरंय. घरी एखाद्याचं पोट बिघडलं तर दवाखाना कोपऱ्यावर असतो. पलीकडच्या काठावर रात्री लाँच मिळत नाही. तिथे फोडणीच्या भाताचा मोह नको, सकाळी पोहे करा.

मग भात मोजून लावा. माणशी ७५ ग्रॅम तांदूळ, सहा जणांना साडेचारशे. कमी वाटतंय ना? वाटू दे. भूक उरली तर सांगलीचं भडंग आहे, शेंगदाणे-गूळ आहे. पोटातली जागा कोरड्या जिनसांनी भरता येते. पातेल्यात उरलेल्या भाताचं काही करता येत नाही. पिठल्याचं तसंच. माणशी दोन मोठे चमचे बेसन, त्याच्या पुढे हात जाऊ द्यायचा नाही. स्वयंपाक करणाऱ्याला "कमी पडलं तर?" ही भीती असते, विशेषतः आपल्याकडच्या बायकांना. ती भीती घरी ठेवून या.

आता क्रम. ज्यात पाणी जास्त, ते आधी. पहिल्या दुपारी मेथी, कोथिंबीर, पिकलेले टोमॅटो. त्या दिवशी दही ताजं. दुसऱ्या दिवशी आंबट होईल, तेव्हा त्याची कढी करा. आंबटपणामुळे दही दुधापेक्षा जास्त तग धरतं. दुसऱ्या दिवशी कोबी, गाजर, भोपळा. तिसऱ्या सकाळी कांदा-बटाटा. भोपळ्याबद्दल एक सांगते. अख्खा भोपळा महिनोन्महिने टिकतो, पण चिरला की त्याचं आयुष्य संपलं. म्हणून बाजारात सगळ्यात छोटा शोधा, एका भाजीत संपेल असा. दुधाचंही हेच गणित. खोक्यातलं दूध १३५ अंशांच्या वर काही सेकंद तापवून निर्जंतुक करून बंद केलेलं असतं, म्हणून बाहेर टिकतं. खोकं फोडलं की ते साधं दूध. एक लिटरचं एक खोकं नेऊ नका, २०० मिलीची पाच न्या. चहापुरतीच गरज असेल तर दुधाची पावडर पुरे.

प्रवासाच्या पोळ्यांवर जरा थांबते, कारण बहुतेकांचा डबा इथेच बिघडतो. दशम्या करा. पीठ पाण्याऐवजी दुधात मळायचं, थोडं तूप, हवा तर गूळ. दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. करायची निघायच्या आदल्या रात्री, सकाळच्या घाईत नको. तव्यावर डाग पडेपर्यंत नीट भाजायची, कच्चट ठेवायची नाही. आणि उतरवली की लगेच डब्यात टाकायची नाही. सुती कापडावर एकेक पसरून पूर्ण गार करायची. गरम दशम्या रचून झाकण लावलंत तर झाकणाच्या आतून पाण्याचे थेंब दिसतील. तेच पाणी खाली उतरतं, आणि दुसऱ्या दुपारपर्यंत मधली दशमी हाताला चिकट लागते, वास येतो, कधी तारही सुटते. गार झाल्या की कोरड्या कापडात गुंडाळून डब्यात. दशमी पहिल्या दोन जेवणांची. नंतर ताजी भाकरी थापा.

चटणी शेंगदाण्याची किंवा सुक्या खोबऱ्याची. ओल्या नारळाची नाही. कच्चा लसूण तेलात बुडवून बाटलीत भरून नेतात काही जण. तेलाखाली हवा पोचत नाही आणि तिथे वाढणारे जिवाणू फार वाईट असतात. ते अजिबात नको. लसूण अख्खा न्या, तिथे ठेचा. मेटकूट, येसर, कुळथाचं पीठ, सांडगे, पापड: आपल्या घरात हे सगळं फ्रीज यायच्या आधीपासून आहे, आणि त्यातलं काहीही दहा-पंधरा मिनिटांच्या वर चूल मागत नाही. कराडचा अख्खा मसूर मला फार आवडतो, पण तो न्यायचा तर सकाळी भिजत घाला आणि प्रेशर कुकर न्या. शिटीच्या कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, गॅस निम्म्याहून कमी लागतो. महाबळेश्वरसारख्या उंचीवर, म्हणजे १३७२ मीटरवर, पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं, तिथे कुकरशिवाय डाळ शिजवणं म्हणजे गॅस जाळणं. कुकर नसेल तर मूगडाळ न्या, तूरडाळीच्या वाटेला जाऊ नका. भाताला एक युक्ती: उकळी आली, पाचेक मिनिटं शिजू दिला, की घट्ट झाकण लावून पातेलं गोधडीत गुंडाळा. अर्ध्या तासात भात होतो. पण उघडला की लगेच वाढायचा. गोधडीत चार तास कोमट ठेवलेला भात म्हणजे मघाशी सांगितलं तेच.

बर्फाची पेटी न्यावी का, असं यादीत प्रश्नचिन्ह आहे. हिशेब करू. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता ओढतो, तेवढ्यात तीस अंशांचं जेमतेम तीन लिटर दूध पाच अंशांवर येतं. म्हणजे पेटीत गरम सामान ठेवलंत तर बर्फ तिथेच संपला. दोन रात्रींसाठी ते ओझं मला पटत नाही. न्यायचाच हट्ट असेल तर पाण्याच्या बाटल्या गोठवून न्या, वितळलं की प्यायला होईल.

ओल्या वाळूतला दुहेरी माठ ही चांगली सोय आहे, पण कुठे? माण-खटावात, किंवा सांगलीच्या जत भागात, एप्रिलमध्ये. हवा कोरडी असते, पाणी भराभर उडतं, आतली भाजी गार राहते. तोच माठ जुलैत कोयनेच्या खोऱ्यात ठेवा, काही होणार नाही. हवेतच इतकं पाणी की बाष्पीभवन होणार कसलं! माण-खटाव आणि कोयना, एकाच सातारा जिल्ह्यात हा फरक आहे. पावसाळ्यात उलट काळजी: पोहे, भडंग, पापड सादळतात. ते घट्ट झाकणाच्या बरणीत, आणि लहान लहान पुड्या करून, म्हणजे एकच पुडी उघडेल.

पाणी माणशी रोज चार लिटर धरा, पिण्याला आणि शिजवायला मिळून. कोरडे जिनस हलके म्हणून नेतो, पण त्यांना पाणी लागतं हे विसरतो. तिथलं पाणी आधी कापडातून गाळा, मग खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट ठेवा. त्याहून जास्त उकळणं म्हणजे गॅस वाया.

आणि एक, जेवणाइतकंच महत्त्वाचं. ज्यांच्या घरी उतरणार, त्या मावशींना आधी निरोप द्या. नाचणीची भाकरी त्या करून देतील, पैसे योग्य द्या. शहरातून पीठ वाहून नेऊन त्यांच्याच चुलीवर वेड्यावाकड्या भाकऱ्या थापण्यात काय शहाणपण? वासोटा किल्ल्यावर जाणार असाल तर वर मुक्काम नाही, आग पेटवायची नाही. व्याघ्र प्रकल्पाचं जंगल आहे. त्या दिवशीचा डबा कोरडाच: दशमी, चटणी, तासगावचे बेदाणे, कंदी पेढे. पेढा खवा चांगला भाजून करतात, पाणी कमी, त्यामुळे हिवाळ्यात दोन दिवस सहज जातो.

(श्रोत्यांतून प्रश्न: मटणाचं काय?)

वाटच बघत होते! साताऱ्यात हा प्रश्न आला नसता तर मी काळजी केली असती. कच्चं मटण पिशवीत घालून लाँचने नेऊ नका, चार तासांचा प्रवास आहे. अंडी न्या, आपल्याकडे दुकानात ती बाहेरच असतात, फक्त तडकलेलं अंडं बाजूला काढा. सुकट नेता येईल. कोंबडी खायचीच असेल तर गावात मिळते का विचारा. कापली की लगेच शिजवायची, सहा जणांनी त्याच बैठकीत रस्सा पुसून खायचा. हाडं मात्र अंगणात टाकू नका, पाण्यातही नको. रात्री कुत्री येतात, आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या. घरमालकाला विचारा, ते खड्डा दाखवतील, खोल पुरा आणि वर दगड ठेवा.