दोनदा माती

[दृश्य : हिवाळ्याची सकाळ. कापणी झालेली भातखाचरं, मधल्या उंचवट्यावर थडग्यांची दाटी.]

व्हिएतनामच्या उत्तरेला, लाल नदीच्या खोऱ्यात, हनोईच्या आसपासच्या कुठल्याही गावच्या शिवारात थडग्यांचे दोन आकार दिसतात. एक माणसाच्या लांबीचं. बहुतेकदा नुसता मातीचा ढिगारा, वर उदबत्त्यांच्या जळक्या काड्या आणि वाळलेली फुलांची चक्रं. दुसरं बरंच आखूड, सिमेंटचं, फरशी लावलेलं, दगडावर नाव कोरलेलं. नवख्याला वाटतं, लहान मुलाचं असेल. पण आत असतात आजोबा, पणजोबा, खापरपणजी. पूर्ण उंचीची माणसं, हाडांच्या रूपात, एका भाजलेल्या मातीच्या पेटीत.

लांब थडगं तात्पुरतं आणि आखूड थडगं कायमचं. इथे माणसाला माती दोनदा दिली जाते. पहिल्या दफनाला म्हणतात हुंग तांग. दुसऱ्यासाठी हाडं उकरून काढायची, त्या विधीला काय तांग. बोलताना लोक सांग कात म्हणतात, नाहीतर सरळ बोक मो, म्हणजे थडगं उचलणं. आपल्याकडे सावडायला तिसऱ्या दिवशी जातात. इथे त्यासाठी तीन वर्षं थांबावं लागतं.

[दृश्य : घरातला ओटीवरचा देव्हारा. वाडगाभर भात, त्यात उभ्या दोन काड्या.]

आधी पहिली माती थोडक्यात पाहू, कारण दुसरीची बरीवाईट सुरुवात तिथेच होते.

प्राण गेल्यावर देह क्षणभर जमिनीवरच्या चटईवर उतरवतात. सुगंधी वनस्पती घालून उकळलेल्या पाण्याने पुसून घेतात. तोंडात चिमूटभर तांदूळ आणि नाणी ठेवतात, वाटेत उपाशी राहू नये, कुणाचं देणं राहू नये म्हणून. मग पांढऱ्या कापडात गुंडाळून शवपेटी. पेटीच्या तळाशी वाळलेला चहा आणि भाताच्या लाह्यांचा थर पसरतात, ओल शोषायला. उशाशी भाताचा वाडगा, त्यावर उकडलेलं अंडं आणि बांबूच्या दोन काड्या उभ्या खोचलेल्या. काड्यांची टोकं तासून फुलासारखी पिंजारलेली असतात. म्हणूनच जेवताना पोराने भातात काड्या उभ्या रोवल्या तर घरातलं मोठं माणूस लगेच हातावर मारतं.

सुतक पांढरं. मुलगे डोक्याला जाळीदार जाडंभरडं कापड बांधतात, त्यावर गवताचं कडं, कमरेला गवताची दोरी. कापडाची दोन टोकं पाठीवर सोडलेली असतात. आईवडिलांपैकी एक हयात असेल तर टोकं लहानमोठी, दोघंही गेले असतील तर सारखी. माहीतगार माणूस पाठीकडून बघूनच सांगतो की याचं आता कोणी उरलं नाही. पणतवंडांच्या डोक्याला मात्र पिवळं कापड. इतकं आयुष्य जगून गेलेल्या माणसाचं दुःख कमी मानतात.

वडील गेले तर मुलाच्या हातात बांबूची काठी, आई गेली तर पांगाऱ्याची. वडिलांच्या पेटीमागून मुलं चालतात. आईच्या पेटीपुढे चालतात, आणि तेही तिच्याकडे तोंड करून, मागे मागे पाऊल टाकत. अरुंद बांधावरून हे करताना कुणीतरी पाठीला हात लावून वाट दाखवत असतं.

[ध्वनी : सनईसारखं वाद्य आणि ढोल, दूरवरून.]

एक म्हण आहे. जिवंतपणी दिवा, मेल्यावर कर्णा आणि ढोल. वाजंत्रीशिवाय मयत निघणं म्हणजे बेवारस जाणं. हल्ली मोठाले ध्वनिक्षेपक आल्यापासून शेजाऱ्यांची झोप उडते, म्हणून सरकारी नियमाने रात्री १० नंतर वाजवायला बंदी घातली आहे. गावोगाव ती पाळली जाते असं म्हणवत नाही.

त्यानंतर तिसरा दिवस, दर सातवा दिवस असं करत ४९ वा, मग १०० वा, वर्षश्राद्ध, दुसरं वर्ष. सगळ्या तिथ्या चांद्र पंचांगाच्या. २७ महिन्यांनी सुतकाचं कापड जाळतात. आणि तेव्हापासून घरात एक विषय निघू लागतो : कधी उचलायचं?

[दृश्य : रात्र. शेतातून जाणारी कंदिलांची आणि बॅटऱ्यांची रांग.]

उचलायचा हंगाम शरद सरल्यावर सुरू होतो आणि बहुतेक ठिकाणी २२ डिसेंबरच्या आसपासच्या अयनदिनाआधी संपतो. व्यवहारात बघितलं तर हे बरोबरच आहे. पाऊस संपलेला, खाचरातलं पाणी उतरलेलं, हवा थंड, वास कमी, माश्या नाहीत. दिवस मात्र पंचांग ठरवतं. मृताचं आणि थोरल्या मुलाचं जन्मवर्ष बघून थाय, म्हणजे जाणकार गुरू, रात्र काढून देतो. जवळजवळ सगळीच कामं मध्यरात्रीनंतर आणि उजाडायच्या आत. हाडांवर सूर्य पडू नये हा दंडक. तरीही उशीर होतो, म्हणून खड्ड्यावर ताडपत्री आधीच बांधून ठेवतात.

आदल्या दिवशी घरच्या देव्हाऱ्यापुढे पूर्वजांना सांगायचं, मग थडग्यापाशी भूमिदेवाची परवानगी मागायची. नवा खड्डा तयार हवा. हे विसरणारी घरंही असतात, आणि मग पहाटे चार वाजता हाडांची पेटी मांडीवर घेऊन खड्डा खणणाऱ्यांची वाट बघत बसतात.

पहिला कुदळीचा घाव थोरल्या मुलाचा. पुढचं काम मजुरांचं, दोघं किंवा तिघं. शवपेटीचं वरचं झाकण दिसलं की ते थांबतात. झाकण उचलल्यावर लगेच कुणी आत वाकत नाही. आत कोंडलेली हवा निघून जाऊ देतात, तांदळाची दारू शिंपडतात, उदबत्त्यांचा जुडगा पेटवतात. रबरी हातमोजे, तोंडाला कापड, आणि पोटात एक घोट दारू. मग पेटीतलं साचलेलं पाणी बादलीने उपसायचं.

[दृश्य जवळून : चिखलातून वर येणारे दोन हात. नंतर पाण्याचं घमेलं.]

इथून पुढे डोळ्यांचा उपयोग कमी, बोटांचा जास्त. काळ्या चिखलात हात घालून मजूर चाचपडतो. कवटी आधी बाहेर येते, दोन्ही हातांनी, आणि घरचं कोणीतरी ती ओंजळीत घेतं. मग लांब हाडं. ती सोपी. अवघड काम छोट्यांचं. प्रौढ माणसाच्या २०६ हाडांपैकी १०६ नुसत्या हातापायांच्या पंजांत असतात, प्रत्येक हातात २७, प्रत्येक पायात २६. मनगटातली कित्येक हरभऱ्याएवढी. ती चिखलात खड्यांसारखीच लागतात. म्हणून सगळा चिखल टोपलीत घालून पाण्यात चाळतात. गुडघ्याच्या वाट्या आणि दात मोजून घेतात. एखादं बोट राहिलं तर घरातल्या कुणाचा तरी हात दुखत राहील, असं बायका बजावतात. शवपेटीत ठेवताना ज्याला पायमोजे घातले होते त्याच्या पायाची हाडं मोज्यात एकगठ्ठा सापडतात. मजुरांचं काम अर्ध्याने कमी होतं.

धुणं दोन पाण्यांत. पहिलं साधं, चिखल काढायला. दुसरं पाच सुगंधी द्रव्यं उकळून कोमट केलेलं, किंवा दारू. खरखरीत ब्रश वापरला तर बरगड्यांची आणि मणक्यांची भिजलेली टोकं भुसभुशीत होऊन तुटतात, तेव्हा बोटांनी आणि मऊ कापडानेच. मग कोरडं पुसायचं. घाईत ओलं हाड पेटीत गेलं तर बुरशी धरते.

ही पेटी म्हणजे तिएउ. भाजलेल्या मातीची, झाकणाची. बाक निन्ह प्रांतातलं फू लांग हे कुंभारगाव तिच्यासाठी प्रसिद्ध आहे. पेटीची लांबी ठरवताना एकच हाड लक्षात घ्यायचं, मांडीचं, कारण ते शरीरातलं सर्वांत लांब आणि ते वाकत नाही. उंच माणसासाठी नेहमीची पेटी आणली आणि हाड तिरकं ठेवावं लागलं, तर घरचे लोक ते वर्षानुवर्षं बोलून दाखवतात.

आत लाल कापड अंथरतात. हाडं माणूस उताणा झोपल्यासारखी मांडायची : एका टोकाला कवटी, मधोमध मणके, दोन्हीकडे बरगड्या, मग खुबा, मांड्या, नडग्या, शेवटी पावलं. सगळ्यांत जास्त चूक होते ती उजव्या-डाव्याची. खूण अशी की मांडीच्या हाडाचं वरचं गोल डोकं नेहमी आत, खुब्याकडे वळलेलं असतं. अनुभवी मजूर कंदिलाच्या उजेडात, न बघता, अंगठा फिरवून सांगतो. कापड वरून मिटतात, झाकण बसवतात, आणि पेटी नव्या खड्ड्यात जाते. वरचं बांधकाम नंतर, सवडीने.

[दृश्य : उघडलेला खड्डा, आत न दिसणारा अंधार. निवेदन थोडं थांबून.]

शवपेटीचं झाकण उघडल्यावर काही वेळा काम तिथेच थांबवावं लागतं. त्यातली एक वेळ शुभ. पेटीभोवती सोनेरी अमरवेल गुंडाळलेली दिसली, आत जिवंत साप निघाला, किंवा उबदार दुधी वाफ आली, तर जागा लाभली असं समजतात आणि ताबडतोब माती ढकलतात. ज्या घराचं बरं चाललं आहे त्याने तिथून हाडं हलवायची नाहीत.

दुसरी वेळ कुणालाच नको असते. देह विरघळलेलाच नसतो. अलीकडे हे वाढलं आहे, आणि कारणं अगदी साधी आहेत. पेटी गळू नये म्हणून आतून प्लास्टिकचा कागद लावतात. अंगावर नायलॉनचे कपडे असतात. देह टिकवायला रसायन टोचलेलं असतं. त्यात खालची चिकणमाती पाण्याने तुडुंब. हवा पोचली नाही की कुजणं अडतं आणि चरबीचा साबणासारखा पांढुरका, घट्ट थर तयार होतो. तो वर्षानुवर्षं तसाच राहतो. अशा वेळी शहाणा मजूर झाकण परत ठेवतो आणि दोन-तीन वर्षांनी या म्हणतो. पूर्वी बांबूच्या पात्याने मांस सोलून काढत. आजही कुणी तसा आग्रह धरतं, आणि ते काम करणाऱ्याच्या जिवाशी खेळ आहे. तीन वर्षांचा जुना हिशेब सोडून अनेक घरं आता चार-पाच वर्षं थांबतात. पेटीत प्लास्टिक नको, सुती कपडे घाला, हेही जाणती माणसं पहिल्या मातीच्या वेळीच बजावतात.

[दृश्य : पहाट. जुना खड्डा बुजवणारे मजूर.]

हा खटाटोप कशासाठी? लोकांची समजूत अशी की माणसाला तीन आत्मे असतात आणि त्याखेरीज पुरुषाला सात, बाईला नऊ प्राणशक्ती. मांस कुजतं ते अशुद्ध, हाड टिकतं ते वंशाचं. हाडं कोरड्या, चांगल्या जागी असली तर नातवंडांना बरकत. ओलीत पडली तर आजारपणं, कर्ज, भांडणं. याला दुसरी बाजू जमिनीची आहे. खोऱ्यात माणसं दाट आणि शेत थोडं. पहिल्या मातीचा लांब खड्डा रिकामा झाला की त्यात पुढच्याला जागा मिळते, आणि दफनभूमीत त्यासाठी वेगळा भाग राखलेला असतो. हनोईची हाडं पुढे शहराबाहेर, बा वी परिसरातल्या येन की दफनभूमीतही जातात. दक्षिणेत, सायगाव आणि मेकाँगच्या बाजूला, हे ऐकून लोक अंगावर काटा आल्यासारखं करतात. तिथे एकदा ठेवलेल्याला उठवत नाहीत.

हनोईत मात्र आता बरीच घरं शहरातल्या वान दिएन इथल्या शवदाहिनीकडे वळली आहेत. कारण विचारलं तर पैशाचं किंवा जागेचं कुणी आधी सांगत नाही. पोरांना त्या रात्रीच्या चिखलात हात घालायला लावायचं नाही, असं म्हणतात. दाहिनीतून निघालेली राख छोट्या कलशात भरतात आणि तो कलश थेट आखूड थडग्यांच्या भागात नेतात. बरोबर भाताचा वाडगा असतोच, अंडं आणि उभ्या काड्यांसकट.

[ध्वनी : ढोलाचे दोन ठोके. अंधार.]