पक्षी बघायचा तर झाड बघा

[पडदा पांढरा. थेंब गळण्याचा आवाज. हळूहळू धुक्यातून खोडांच्या काळ्या रेघा दिसू लागतात.]

हा पाऊस नाही. कान देऊन ऐका. थेंब पडतायत खरे, पण ते आभाळातून नाही, झाडांवरून.

कॅरिबियन समुद्रावरून निघालेला वारा कोस्टारिकाच्या तिलारान डोंगररांगेला येऊन अडतो. पुढे जायला वाट नाही म्हणून वर चढतो, चढता चढता गार होतो, आणि त्याचा ढग होतो. एरवी ढग रानाच्या वरून जातात. इथे तो रानातून जातो. पानं, शेवाळं, फांद्यांना लोंबणारे नेचे त्याला गाळून घेतात, आणि गाळलेलं पाणी टपटपत खाली येतं. समुद्रसपाटीपासून साधारण दीड हजार मीटरवरचं हे मॉन्तेवेर्देचं मेघवन. स्पॅनिशमध्ये नावाचा अर्थ 'हिरवा डोंगर', आणि त्यात काही अतिशयोक्ती नाही.

एप्रिल महिना. सकाळचे सात. आम्ही आठ जण आणि एक गाइड. तिच्या खांद्यावर तिपाईसकट मोठी दुर्बीण, पायात गमबूट. आमच्यातल्या एकाकडे हाताएवढी लेन्स आहे आणि ती कधी एकदा क्वेट्झल नावाच्या पक्ष्यावर रोखतो असं त्याला झालंय. सगळे वर बघतायत. गाइड खाली बघतेय. फाटकापासून पन्नास पावलांवर ती थांबली, वाकली आणि पाचोळ्यातून काहीतरी उचललं.

[जवळून: ओल्या तळहातावर तपकिरी, गुळगुळीत बी.]

एक बी. ओली, चकचकीत, गराचा मागमूस नाही. ही रानॲव्होकॅडोची. बाजारात मिळतो त्या ॲव्होकॅडोचा हा लहानखुरा भाऊबंद. फळ अख्खं गिळता येईल एवढंच, आणि त्यातही बी मोठी, गर नावापुरता. क्वेट्झल ते आख्खं गिळतो, गर पोटात ठेवतो आणि थोड्या वेळाने बी तोंडावाटे बाहेर टाकतो.

"ही अजून ओली आहे," गाइड म्हणाली. "म्हणजे आज सकाळी तो इथे बसला होता. पक्षी शोधत फिरू नका. पक्षी बघायचा तर आधी झाड बघा."

मग तिने बी परत पाचोळ्यात ठेवली. उचलली तिथेच.

[वाट. गमबुटांचा चिखलातला आवाज.]

गाइडबरोबर चालणं म्हणजे मुख्यतः न चालणं. पहिल्या अर्ध्या तासात आम्ही जेमतेम दोनशे मीटर गेलो असू. एका फांदीपाशी तिने खिशातून भिंग काढलं आणि सगळ्यांना रांगेत उभं केलं. फांदीवर बोटभर जाडीचं शेवाळं, त्यात कुठूनतरी फुटलेले नेचे, त्यांच्या आडून डोकावणारं ऑर्किड. साध्या डोळ्यांना तिथे हिरव्या ठिपक्यांपलीकडे काही दिसत नव्हतं. भिंगातून बघितल्यावर ठिपक्याला पाकळ्या आल्या. जगातल्या सगळ्यात लहान ऑर्किडांपैकी एक इथलं. त्याचं फूल अडीच मिलिमीटरच्या आसपास. हाताएवढ्या लेन्सवाल्या आमच्या मित्राला त्याचा फोटो काही काढता आला नाही. भिंगाला मोबाइल टेकवणाऱ्या मुलीला मात्र जमला.

फांद्यांवरच्या या वनस्पतींना पटकन बांडगूळ म्हणावंसं वाटतं. ते बरोबर नाही. बांडगूळ झाडाचा रस शोषतं. या नुसत्या बसायला आलेल्या आहेत. पाणी ढगाचं, खत वाऱ्याने आणलेल्या धुळीचं आणि कुजलेल्या पानांचं. वर्षानुवर्षं पानं कुजून कुजून फांद्यांवर चक्क माती तयार होते. जमिनीपासून वीस-पंचवीस मीटर उंचावर काळी, भुसभुशीत माती, आणि तिच्यात गांडुळंसुद्धा! नलिनी नाडकर्णी या शास्त्रज्ञ दोरावरून झाडांच्या शेंड्यात चढून इथे अनेक वर्षं हेच बघत आल्या आहेत. फांदीवरची ही गादी एकदा ओरबाडली गेली, की ती पूर्ववत व्हायला दशकं लागतात. गाइडने हे सांगितलं तेव्हा फांदीला टेकून उभा असलेला आमच्यातला एक जण गुपचूप बाजूला झाला.

पुढे एक गळफास्या दिसला. वड, पिंपळ, उंबर ज्या कुळातले, त्याच कुळातलं हे झाड. पक्ष्याच्या विष्ठेतून बी उंच फांदीवर पडते, मुळं खाली उतरतात, जमिनीला टेकतात, आणि मूळ झाडाभोवती जाळं विणत जातात. आतलं झाड कधीच मरून कुजून गेलं होतं. आम्ही त्याच्या पोकळीत उभं राहून वर बघितलं. विहिरीच्या तळाशी उभं राहिल्यासारखं. वर आभाळाचा रुपया.

आता प्रश्न प्राण्यांचा. इथे प्यूमा आहे, टॅपिर आहे, जॅग्वारही आहे. दिसलं काय? वाट ओलांडून पळालेला एक आगूती, म्हणजे शेपूट नसलेली, उंच पायांची घूस समजा. शेपटी उभी धरून पाचोळा उकरणारा एक कोआटी. आणि झाडाच्या बेचक्यात केसांचं एक गाठोडं, जे स्लॉथ आहे असं गाइड म्हणाली म्हणून आम्ही मान्य केलं. दुर्बिणीतून बघितल्यावर गाठोड्याने एक नखाळ हात हळूच खाजवला. केसांवर हिरवट झाक होती, ते शेवाळं. या रानात एका जागी स्वस्थ बसलात की तुमच्यावरही शेवाळं धरतं, हा गाइडचा विनोद. तो ती रोज करत असणार.

जनावरं बघायला येणाऱ्याची इथे निराशा होण्याची शक्यता भरपूर. पण पंख आरपार काचेसारखे असलेलं फुलपाखरू बोटभर अंतरावर पानावर बसलं आणि त्याच्या पंखांतून पानाच्या शिरा मोजता आल्या, तेव्हा प्यूमाची आठवण कुणालाच राहिली नाही.

[धुकं विरळ. एक वठलेलं खोड, त्यात ढोली.]

झाडांची यादी गाइडच्या डोक्यात होती. हे फळायचं आहे, याची फळं संपली, याची अजून हिरवी आहेत. तिसऱ्या ॲव्होकॅडोपाशी ती वाटेवरून न उतरता बाजूच्या एका वठलेल्या खोडाकडे बघत राहिली. तिने तिपाई मांडली. दुर्बीण ढोलीवर लावली. आम्ही एकेक करून डोळा लावला. ढोली, आत काळोख, आणि तोंडातून बाहेर लोंबणारी नेच्याची दोन पानं.

"काहीच नाही," लेन्सवाला म्हणाला.

वारा नव्हता. आणि नेचा हलला.

ती शेपटी होती. क्वेट्झलची मादी एकटी अंडी उबवत नाही. दिवसाच्या पाळीला नर बसतो. त्याच्या शेपटीवर रुळणारी पिसं त्याच्या अंगापेक्षाही लांब, मीटरभरापर्यंत जाणारी. ती ढोलीत मावणार कशी? मग तो तोंड दाराकडे करून बसतो, शेपूट पाठीवरून दुमडून पुढे घेतो, आणि पिसांची टोकं बाहेर लोंबत राहतात. ओल्या पानांत ओली हिरवी पिसं. गंमत म्हणजे त्या पिसांत हिरवा रंगच नसतो. पिसांच्या अतिसूक्ष्म रचनेवरून प्रकाश परततो आणि आपल्याला हिरवा दिसतो, कोन बदलला की निळा, मध्येच सोनेरी.

कुणीतरी सुचवलं, मोबाइलवर त्याचा आवाज वाजवा, म्हणजे बाहेर येईल. गाइडने मान हलवली. "तो अंडी उबवतोय. त्याला वाटेल दुसरा नर आला. भांडायला कशाला बोलवायचं त्याला?"

आम्ही पाऊण तास उभे राहिलो. पाय बधिर झाले. मग मादी आली, शेजारच्या फांदीवर बसली. आणि तो निघाला. ढोलीतून निसटून मागे पडल्यासारखा, आणि मग पंख उघडले तसा पोटाचा लालभडक रंग दिसला. ती लांब पिसं त्याच्या मागून लाटेसारखी गेली. सगळं मिळून चार सेकंद. लेन्सवाल्याने कॅमेरा वर उचललाच नाही. नंतर तो म्हणाला, विसरलो.

[डोंगराचा माथा. खाली दोन्हीकडे उतार.]

जुलैच्या सुमाराला पिल्लं उडाली की हे पक्षी इथून जातात. कुठे, हे बरीच वर्षं नीट ठाऊक नव्हतं. जॉर्ज पॉवेल आणि रॉबिन ब्यॉर्क या अभ्यासकांनी क्वेट्झलांच्या अंगावर छोटे रेडिओ बसवून त्यांचा माग काढला. पक्षी आधी पॅसिफिककडच्या उतारावर खाली जातात, मग डोंगर ओलांडून अटलांटिककडच्या उतारावर. कारण तेच, ॲव्होकॅडोची झाडं. एका उंचीवरची फळं संपतात, दुसरीकडची पिकलेली असतात. पण त्या खालच्या रानांचे तुकडे झाले होते. कुरणांमध्ये उरलेली चार-दोन झाडं. ती कुणाच्या ना कुणाच्या मालकीची, आणि राखीव रानाची हद्द तर वरच संपलेली.

हा पॉवेल म्हणजे हे राखीव रान उभं करणाऱ्यांपैकीच एक. थोडं मागे जाऊ. १९५१ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामामधून क्वेकर या ख्रिस्ती पंथाची काही कुटुंबं इथे राहायला आली. युद्धाला त्यांचा धर्माने नकार. सक्तीच्या सैन्यभरतीला नाव नोंदवायचं नाकारलं म्हणून त्यांच्यातले चार तरुण तुरुंगात जाऊन आलेले. कोस्टारिकाने १९४८ मध्ये आपलं सैन्यच बरखास्त केलं होतं. त्यांना आणखी काय हवं? त्यांनी जमीन घेतली, झाडं तोडून कुरणं केली, गाई पाळल्या, चीज करू लागले. हो, झाडं तोडली. पण माथ्यावरचं ५५४ हेक्टर रान त्यांनी हात न लावता ठेवलं. पक्ष्यांसाठी नव्हे. खालच्या झऱ्यांना पाणी तिथून येतं म्हणून.

१९७२ मध्ये पॉवेल, त्याची पत्नी हॅरिएट आणि त्या क्वेकरांपैकी विल्फर्ड गिंडन यांनी ट्रॉपिकल सायन्स सेंटर या संस्थेच्या साथीने ३२८ हेक्टरवर राखीव रान सुरू केलं. पुढे क्वेकरांचं माथ्यावरचं रान त्याला जोडलं गेलं. आज ते चार हजार हेक्टरांच्या वर आहे. १९८७ मध्ये स्वीडनमधल्या एका लहानशा शाळेतल्या मुलांनी इथलं रान विकत घेण्यासाठी पैसे जमवायला सुरुवात केली, इतर देशांतली मुलं त्यात आली, आणि शेजारीच 'मुलांचं शाश्वत रान' उभं राहिलं. ते आता बावीस हजार हेक्टरांच्या पुढे गेलंय.

हद्द खाली सरकवता येते. ढगाचं काय?

[जुनं छायाचित्र: काळ्या चिखलात नारिंगी भेकांचा घोळका.]

माथ्यावर वाऱ्याने झाडं खुजी झालेली आहेत. त्यांच्या मुळांतल्या डबक्यांत दरवर्षी पहिल्या पावसाला सोनेरी भेक यायचे. नर झळझळीत नारिंगी, प्लास्टिकच्या खेळण्यासारखे. काही आठवडे दिसायचे, अंडी घालायची, आणि परत जमिनीत गडप. जगात दुसरीकडे कुठेही नव्हते; याच माथ्यावर, थोड्याशा जागेत. १९८७ मध्ये दीड हजारांवर मोजले गेले. १९८८ मध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. १९८९ मध्ये एक नर. त्यानंतर कुणालाही दिसला नाही. त्यांची सगळी जागा राखीव रानाच्या आत होती. एकही झाड तुटलं नव्हतं.

उभयचरांच्या कातडीला लागणारी बुरशी आणि त्या वर्षांतला एल निनोचा कोरडेपणा, या दोन्हींकडे बोट दाखवलं जातं. कुणाचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. पण याच रानातल्या नोंदी सांगतात, की १९७०च्या दशकाच्या मध्यापासून कोरड्या ऋतूत धुकं नसलेले दिवस वाढत गेले. ढगाचा तळ वर सरकतोय. समुद्र तापतोय हे एक कारण. वाऱ्याच्या वाटेवरची खालची सपाट रानं तोडली गेली, हेही एक. डोंगरावरचं झाड किती भिजणार, हे डोंगराखालच्या झाडावर ठरतं.

गाइडने हे सगळं आकडे न सांगता एका वाक्यात सांगितलं. "माझ्या आईचे कपडे इथे वाळायचेच नाहीत," ती म्हणाली. "माझे वाळतात."

[परतीची वाट. उन्हाचा कवडसा.]

दहा वाजता खरोखरच ऊन पडलं. उतरताना पुन्हा त्या ढोलीच्या जवळ आलो, तेवढ्यात बेडकासारखा कर्कश आवाज झाला आणि समोरच्या उघड्या फांदीवर एक टुकान येऊन बसला. पिवळी छाती, आणि चोच तर अशी की मुलाने पेटीतले सगळे खडू वापरून रंगवलेली. हिरवी, नारिंगी, निळी, टोकाला लाल. सगळ्यांनी एकदम आवाज केला. लेन्सवाला या वेळी चुकला नाही. कॅमेऱ्याचा खटाखट आवाज सुरू झाला. सकाळपासून इतका सोपा, इतका समोर बसलेला पक्षी मिळालाच नव्हता.

गाइडने तिपाई खांद्यावरून उतरवली नाही.

हा टुकान खालच्या रानातला. पूर्वी तो इतक्या वर घरटं करत नसे. आता करतो, क्वेट्झलच्या शेजारी. फळं खातो तशी दुसऱ्यांची अंडीही खातो.

आम्ही फोटो काढत होतो. ती टुकानकडे पाठ करून, ढोलीतून लोंबणारी ती दोन हिरवी टोकं परत आलीत का, ते बघत होती.