प्रत्येक पोकळ काठी गुप्ती नसते!

नमस्कार मंडळी! आज आमच्या लष्करातल्या घरातूनच बोलतोय, म्हणजे ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागातून, बाहेरच्यांना दरवेळी सांगावं लागतं. ही काठी बघा, आजोबांची. आम्ही सगळे हिला गुप्तीच समजायचो, आई तर माळ्यावरून काढूच द्यायची नाही.

आता मुठीखाली हे पितळेचं कडं, त्याच्या वर केसाएवढी फट दिसतेय? पिळायचं नाही, सरळ वर ओढायचं... आलं! पातं नाहीये, आकडे कोरलेली लाकडी पट्टी आहे, आणि हा पितळी दांडा असा आडवा उघडतो, त्यात एवढीशी काचेची नळी, थांबा कॅमेऱ्याजवळ आणतो, बुडबुडा दिसला? गवंड्याची पाणसळच ही.

ही घोडा मोजायची काठी! घोड्याची उंची हातात सांगतात, पण हा हात म्हणजे फक्त 4 इंच. 14.2 म्हणजे 14 हात 2 इंच, एकूण 58 इंच, तो दशांश समजू नका हं, 14.3 च्या पुढे थेट 15 येतं. काठी पुढच्या पायाजवळ सरळ उभी धरायची, दांडा मान संपून पाठ सुरू होते त्या उंचवट्यावर टेकवायचा, बुडबुडा मधोमध आला की आकडा वाचायचा. डोक्यापर्यंत मोजत नाहीत कारण मान सारखी वरखाली होते. पाणसळ नसेल तर दांडा जरा कलतो आणि आकडा चुकतो, मला या काठीतलं सगळ्यात सुंदर काही वाटत असेल तर ती ही नळी.

19व्या शतकात युरोपात अशा काठ्या खूप झाल्या, डॉक्टरांसाठी औषधाच्या कुप्यांची, दारूच्या नळीची, व्हिएन्नात तर चाकान नावाची बासरी होणारी काठी. गुप्ती निघाली तर मात्र प्रकरण वेगळं, शस्त्र नियमांत ती तलवारीसोबत नावानिशी आहे.

आणि प्लीज, पावसाळ्यात ओढू नका! लाकूड फुगतं. मी जुलैत पकडीने ओढली आणि पट्टीचा हा कोपरा उडाला, अजून वाईट वाटतं. पितळ घासून चमकवू नका.

परवा वरातीची घोडी ठेवणाऱ्या काकांकडे गेलो, पट्टी हळूच वर केली, नाहीतर जनावर बुजतं. 14.1 आलं. मग टेप लावली, बरोब्बर 57 इंच!