मजुरी ओरडते तेव्हा

नमस्कार मंडळी. आज चर्चमधल्या वाचनाबद्दल बोलायचंय. उपदेशाबद्दल नाही हं, पुढं उभं राहून पवित्र शास्त्राचा उतारा मोठ्यानं वाचतात ना, त्याबद्दल.

आम्ही मिरजेचे. मागच्या सीझनला आमच्या चर्चच्या मंडळीत ऊसतोड कामगारांचा विषय निघाला, थंडी होती, पालावर ब्लँकेटं द्यायची ठरत होती, तेवढ्यात तरुण पोरं म्हणाली की ब्लँकेट देऊ पण उचल, म्हणजे मुकादमाकडनं आधी घेतलेले पैसे, आणि मजुरीच्या हिशोबाबद्दल आपण तोंड उघडणार का नाही? झालं, वाद पेटला. एक काका म्हणाले देवळात राजकारण नको, दुसरे म्हणाले आपल्यातच ऊसवाले आहेत त्यांना कशाला दुखवायचं, आणि मग दोन्हीकडनं बायबलमधली वचनं सुरू, ज्याला जे सोयीचं ते.

असे वाद मला नवीन नाहीत. राष्ट्रपतींच्या 1950 च्या आदेशानं अनुसूचित जातींच्या सवलती फक्त हिंदूंना ठेवल्या, 1956 ला शीख आले, 1990 ला बौद्ध आले, दलित ख्रिस्ती अजून बाहेरच, आणि हा विषय निघाला की आपल्यातच लग्न जुळवताना जात का बघतात हेही कुणीतरी विचारतंच, आणि विचारायलाच पाहिजे.

तर पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, बायबलातल्या याकोबाच्या पत्राचा 5 वा अध्याय एका मावशींना वाचायला दिला. लहानपणी त्या आईबरोबर फडात मोळ्या बांधायच्या. ज्यांनी शेतं कापली त्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडतेय आणि ती हाक देवाच्या कानी गेलीय, असं तिथं लिहिलंय. मावशी "मजुरी" शब्दाला थांबल्या. चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला आणि तेच वाक्य पहिल्यापासून वाचलं, हळू. नुसता पंख्याचा आवाज येत होता.

हे शास्त्र मुळात ऐकायचंच होतं हो. बायबलातल्या नहेम्याच्या पुस्तकात एज्रा शास्त्री सकाळपासून दुपारपर्यंत लोकांपुढं नियमशास्त्र वाचतो आणि लोक रडायला लागतात. नासरेथात, स्वतःच्या गावात, येशूनं यशया संदेष्ट्याचा उतारा वाचला, दीनांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका, आणि पुढं बोलला तेव्हा त्याच लोकांनी चिडून त्याला कड्यावरनं ढकलायला नेलं! आणि आपल्याकडं तर कीर्तनानं कान तयार झालेले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताची गोष्ट अभंगातनं आणि कीर्तनातनं सांगितली, शेवटची काही वर्षं ते साताऱ्यातच होते. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरनं बायबल सोप्या मराठीत आणलं, साध्या बायकांना ऐकून कळावं म्हणून.

म्हणून वाचणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं, शनिवारी रात्री उतारा घरात दोनतीनदा मोठ्यानं वाचा, अवघड नावं आधी जिभेवर बसवा, आणि बातम्या दिल्यासारखं उरकू नका, यातलं कोण कुणाला आणि का बोलतंय ते आधी स्वतःला कळू दे.

वाद मिटला म्हणत नाही मी. पण त्या दिवशी उपासना सुटल्यावर ते राजकारण नको म्हणणारे काका चपला घालता घालता मावशींजवळ गेले आणि म्हणाले, "ताई, हिशोबाची वही मुकादमाकडंच असती का ओ?" मावशी पायरीवर बसल्या, काकाही बसले, आणि मावशी सांगत राहिल्या.